अपुरे खेळ आणि खरी बाकी

बीड जिल्ह्यातील वाचकांना ‘उचल’ आणि ‘बाकी’ हे दोन शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रातील अथवा कर्नाटकातील कारखान्याची वाट धरायची, पाच-सहा महिने ऊस तोडून ती रक्कम फेडायची आणि हिशेब जुळला नाही तर राहिलेली बाकी पुढच्या हंगामावर टाकायची. ज्याच्या डोक्यावर बाकी आहे, त्याला घरी परतूनही निवांतपणा लाभत नाही, हे आपण जवळून पाहिले आहे.

आज याच जिल्ह्यात, आपल्याच मुलांच्या मनात, एक निराळी बाकी साचू लागली आहे. ती आहे अपुऱ्या राहिलेल्या व्हिडिओ गेम्सची. हा विषय मासिकाच्या पानावर घेण्याइतका गंभीर आहे काय, असे आपणांस वाटेल. परंतु जो तरुण ‘माझे इतके गेम पूर्ण करायचे राहिले आहेत’ असे कर्जदाराच्या सुरात सांगतो, त्याच्या मनात ‘देणे’ या शब्दाचा अर्थच बदलू लागलेला असतो. श्रद्धावंताने नेमके कशाचे देणे मानावे, हा प्रश्न किरकोळ नाही.

ही यादी वाढते कशी?

पूर्वी खेळ संपला की मुले घरी येत. आजचा गेम सहसा संपत नाही. ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा प्रसिद्ध गेम घ्या. त्याची केवळ मुख्य कथा पूर्ण करण्यास सुमारे ५० तास लागतात. संगणकावरील गेमच्या दुकानांत वर्षातून अनेकदा सवलतीचे मेळे भरतात आणि खेळायला सवड नसतानाही ‘स्वस्त आहे’ म्हणून गेम घेतले जातात. काही तर विनामूल्य मिळतात. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, एपिक गेम्सच्या दुकानाने ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा गाजलेला गेम काही दिवस फुकट दिला होता. फुकट मिळालेली वस्तू घरात येते, पण ती आपला वेळ मागते, हे घेताना लक्षात येत नाही.

ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांच्या मोबाइलवर वेगळीच बाकी असते. आजची कामगिरी, या आठवड्याचे लक्ष्य, हंगाम संपण्यापूर्वी मिळवायचे बक्षीस. एक दिवस चुकला की काही तरी हातचे गेले असे वाटावे, अशीच ही रचना असते.

आता साधा हिशेब करून पाहा. एखाद्याच्या यादीत २० अपुरे गेम आहेत आणि प्रत्येकाला सरासरी ३० तास लागणार आहेत असे धरले, तर ते ६०० तास होतात. रोज एक तास दिला तरी ६०० दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षे. लातूरला शिकवणीसाठी राहून वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला पावणेदोन वर्षांची किंमत सांगावी लागत नाही.

देणे कशाला म्हणावे?

इस्लाममध्ये कर्जाला फार मोठे गांभीर्य आहे. सहीह बुखारीतील प्रसंग सर्वपरिचित आहे. एक जनाजा आणला गेला. मृतावर कर्ज आहे आणि ते फेडण्यापुरते त्याने मागे काही ठेवलेले नाही, असे समजल्यावर पैगंबर (सल्ल.) यांनी स्वतः नमाज न पढविता सहाबांना पढण्यास सांगितले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हाच पैगंबरांनी (सल्ल.) नमाज पढविली. दुसऱ्या एका हदीसमध्ये, आईचे रोजे राहून गेले आहेत आणि तिचे निधन झाले आहे, असे सांगत कोणी विचारणा केली, तेव्हा पैगंबरांनी (सल्ल.) उलट विचारले की, तिच्यावर कुणाचे पैसे असते तर ते फेडले असते ना? मग अल्लाहचे कर्ज फेडले जाण्यास अधिक पात्र आहे. (बुखारी, मुस्लिम)

या शिकवणीवरून देण्याचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक अल्लाहचे देणे आणि दुसरे माणसांचे देणे. अपुरा राहिलेला गेम या दोन्हींत कोठेही बसत नाही. त्याची किंमत चुकती केली, तेथेच व्यवहार पूर्ण झाला. तो बनविणाऱ्याचे आपल्याकडे काही राहिलेले नाही आणि तो अर्धवट सोडल्याबद्दल परलोकात विचारणा होणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, आरंभलेले काम अपुरे सोडू नये, ही आपल्या धर्माचीच शिकवण नव्हे काय? होय, परंतु ती शिकवण कोणत्या कामासाठी आहे ते पाहिले पाहिजे. हनफी फिकहनुसार नफिल नमाज किंवा नफिल रोजा सुरू करून मोडला, तर तो पुन्हा अदा करणे आवश्यक ठरते, कारण ती इबादत आहे. मात्र इबादत नसलेल्या गोष्टींचा नियम निराळा आहे. एखाद्याने शपथ घेतली आणि नंतर त्याहून चांगली गोष्ट समोर आली, तर चांगली गोष्ट करावी आणि शपथेचा कफ्फारा द्यावा, असे मार्गदर्शन बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. अल्लाहच्या नावाने घेतलेली शपथसुद्धा अधिक चांगल्या कामासाठी बाजूला ठेवता येते, तर ज्याची कधी शपथही घेतली नाही तो खेळ सोडण्यात संकोच कशाचा? आपल्या उपयोगाचे नाही ते सोडून देणे हे माणसाच्या इस्लामचे सौंदर्य होय, असा तिर्मिजीतील हदीसचा आशय आहे. सोडून देणे हीदेखील एक नेकी आहे, हे आपण मुलांना क्वचितच शिकवितो.

खेळाला स्थान आहे, पण किती?

याचा अर्थ खेळ निषिद्ध आहे असा नव्हे. ईदच्या दिवशी हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करीत असताना पैगंबरांनी (सल्ल.) हजरत आयेशा (रजि.) यांना ते मनसोक्त पाहू दिले. हजरत हन्जला (रजि.) यांना घरी गेल्यावर मनाची पूर्वीची अवस्था टिकत नाही म्हणून स्वतःच्या ईमानाचीच शंका आली, तेव्हा एक घटका याची आणि एक घटका त्याची, असे सांगून पैगंबरांनी (सल्ल.) त्यांचे समाधान केले. (मुस्लिम) थकलेल्या मनाला विसावा हवा, हे इस्लामला मान्य आहे.

मर्यादा मात्र दोन आहेत. पहिली मर्यादा वेळेची. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत बहुसंख्य लोक तोट्यात राहतात, असा इशारा बुखारीतील हदीसमध्ये आहे. दुसरी मर्यादा जुगाराची. दिव्य कुरआनच्या सूरह माइदामध्ये (आयत ९०-९१) दारूबरोबर जुगारालाही सैतानी घाण ठरविले आहे, आणि त्यातून वैर निर्माण होते व माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखला जातो, हे कारणही दिले आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर भारतीय संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा संमत केला. परंतु कायद्याने उघड जुगार थांबविला, तरी पैसे मोजून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडायचे, हा प्रकार अनेक साध्या गेम्सच्या पोटात शिल्लक आहे. वडिलांच्या मोबाइलमधून शंभर-दोनशे रुपये अशा पेटीसाठी जात असतील, तर त्यात जुगाराचेही लक्षण आहे आणि अमानतीत खयानतही आहे.

यादी निकाली कशी काढावी?

तरुण मित्रांनो, एक कागद घ्या आणि अपुऱ्या गेम्सची नावे लिहून काढा. त्यांचे तीन भाग करा.

पहिल्या भागात जुगार, अश्लीलता किंवा अमानुषपणा मिरविणारे गेम येतील. ते आजच काढून टाका. फुकट मिळाले होते, ही सबब येथे चालत नाही.

दुसऱ्या भागात ज्यांत आता गोडी उरलेली नाही, परंतु ‘निम्मे झाले आहेत’ म्हणून ठेवले आहेत, असे गेम येतील. यादीचा मोठा हिस्सा बहुधा हाच असतो. गेलेले तास परत येणार नाहीत. उरलेले तास मात्र अजून तुमच्याच हातात आहेत. ते वाचविण्यासाठी ही नावे निःशंकपणे खोडून टाका.

तिसऱ्या भागात ज्यांतून खरोखर विरंगुळा मिळतो असे दोन-तीन गेम उरतील. त्यांपैकी एका वेळी एकच खेळा आणि तो संपेपर्यंत किंवा सोडेपर्यंत नवा घेऊ नका. मोबाइलवरील ‘बॅटलग्राउंड्स’सारख्या गेमचा एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. म्हणून जमाअतला अर्धा तास उरलेला असताना असा डाव मांडूच नये. इशानंतरच्या निरर्थक गप्पा पैगंबरांना (सल्ल.) नापसंत होत्या. इशानंतरचा गेम त्याच न्यायाने टाळावा, कारण त्याची किंमत फजरला द्यावी लागते.

‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा २०२३ सालचा गेम नवव्या शतकातील बगदादमध्ये घडतो आणि बैतुल हिकमाच्या परिसरातून फिरवितो. तो खेळणाऱ्याने एक संध्याकाळ गेम बाजूला ठेवून खऱ्या बैतुल हिकमाविषयी, तेथे कार्य केलेल्या अल-ख्वारिज्मींच्या बीजगणिताविषयी वाचावे. ही जिज्ञासा अपुरी ठेवण्यासारखी नाही.

आता खरी बाकी

कागद उलटा आणि मागील बाजूस दुसरी यादी लिहा. वयात आल्यापासून किती नमाज सुटल्या? किती रोजे राहिले? कुणाचे पैसे, कुणाचे पुस्तक, कुणाला दिलेला शब्द बाकी आहे?

हा आकडा पाहून घाबरू नका. हनफी फिकहनुसार रोजच्या पाच फर्ज आणि एक वित्र, अशा सहा नमाजांची कजा असते. वर्षाच्या ३६५ दिवसांच्या २,१९० झाल्या. ही संख्या डोंगराएवढी दिसते, परंतु प्रत्येक चालू नमाजबरोबर एक कजा अदा केली, तर एका वर्षाची बाकी एका वर्षात फिटते. सूर्योदय, मध्यान्ह आणि सूर्यास्त या निषिद्ध वेळा तेवढ्या टाळाव्यात. भगिनींनी मासिक पाळीचे दिवस या हिशेबातून वगळावेत. त्या दिवसांच्या नमाजची कजा नाही, रमजानच्या रोजांची मात्र आहे. नेमका आकडा आठवत नसेल तर जो अंदाज मनाला पटतो तो धरावा आणि आपल्या भागातील आलिमांना विचारून खात्री करावी. थोडे असले तरी नित्य केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, या हदीसचा अनुभव येथे येतो. गेममध्ये रोजची कामगिरी न चुकविणारा तरुण ही शिस्त आधीच शिकलेला आहे. तिची दिशा तेवढी बदलायची आहे.

मोठ्यांचीही यादी

हा पाठ केवळ मुलांसाठी नाही. मुलाच्या हातातील मोबाइल हिसकावणाऱ्या पालकांनी आपला कागदही काढावा. निकाहच्या वेळी बांधलेला महर पत्नीला दिला आहे काय? की ‘पुढे पाहू’ म्हणून वीस वर्षे लोटली आहेत? वडिलांच्या मृत्यूनंतर जमिनीत बहिणीचा वाटा निघाला काय? सूरह निसाने (आयत ७ आणि ११) तो ठरवून दिलेला आहे. मराठवाड्यात बहिणीकडून हक्कसोड लिहून घेऊन सातबारा भावांच्या नावे करण्याची रीत सर्रास आहे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. ही बाकी हंगामामागून हंगाम पुढे ढकलता येते, परंतु शेवटच्या हिशेबात ती माफ होत नाही. मुलाला अपुऱ्या गेम्सबद्दल दोन शब्द सांगण्यापूर्वी आपण आपला एक जुना हिशेब मिटविला, तर उपदेशाची गरज फारशी उरणार नाही.

तिर्मिजीतील हदीसनुसार, आयुष्य कशात घालविले, तारुण्य कोठे खर्ची घातले, संपत्ती कोठून मिळविली व कशावर खर्च केली आणि मिळालेल्या ज्ञानावर किती आचरण केले, या प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज कयामतच्या दिवशी माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही. या प्रश्नांत ‘किती गेम पूर्ण केले’ हा प्रश्न नाही. आपल्या घरी या आठवड्यात एका संध्याकाळी, मगरिबनंतर, सर्वांनी आपापला कागद घेऊन बसावे. कागद कुणी कुणाला दाखवू नये. प्रत्येकाने एक निरर्थक नाव खोडावे आणि एक खरी बाकी त्याच आठवड्यात फेडण्यास आरंभ करावा.

अल्लाह आपणा सर्वांना आपली देणी ओळखण्याची दृष्टी, ती फेडण्याची तौफीक आणि निरर्थक ओझी खाली ठेवण्याची हिंमत देवो. आमीन.