यादीत नाव नसते तेव्हा



शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की खेळांच्या निवड चाचण्यांचे दिवस येतात. प्रथम तालुका, मग जिल्हा, मग विभाग आणि शेवटी राज्य, अशी ही शिडी आहे. आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मुले कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रिकेट, फुटबॉल अशा खेळांत उतरतात. कुणी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात चाचणीला जातो, कुणी पुण्यातील एखाद्या क्लबकडे. पहाटेची एसटी, शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, मैदानावर थोडा वेळ मिळालेली संधी आणि नंतर लागलेली यादी. त्या यादीत बहुतेकांचे नाव नसते.

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. शेतकरी आणि कामगार कुटुंबाला ती तशी वाटत नाही. खेळातील प्रावीण्यावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पोलीस आणि सैन्य भरतीचे स्वप्नही त्यातच गुंफलेले असते. म्हणून नाव न लागणे हे एकट्या मुलाचे दुःख राहत नाही. ते घराच्या उंबऱ्याच्या आत येते. या नकाराकडे आपण कसे पाहावे, याचा विचार आज करू या.

मोठ्यांनी नाकारलेली मुले

फुटबॉलच्या जगात मुलांना आठव्या-नवव्या वर्षीच मोठ्या क्लबांच्या शाळांत घेतले जाते आणि तितक्याच सहज काढूनही टाकले जाते. इंग्लंडच्या हॅरी केनला आर्सेनल क्लबने तो लहान असतानाच सोडून दिले. तोच केन पुढे त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, म्हणजे टॉटनहॅमचा आणि इंग्लंडचाही सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. फ्रान्सच्या अंत्वान ग्रीझमनला त्याच्याच देशातील क्लबांनी अंगाने लहान म्हणून परत पाठवले. शेवटी स्पेनच्या रेआल सोसिएदादने त्याला उचलले आणि 2018 मध्ये तो फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघात होता. जेमी वार्डीला शेफील्ड वेन्सडे क्लबने सोळाव्या वर्षी काढले. तो कारखान्यात काम करून छोट्या क्लबात खेळत राहिला आणि 2016 मध्ये लेस्टर सिटीबरोबर इंग्लंडचा विजेता ठरला.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. मुंबईचे प्रवीण तांबे आपल्याच मातीतले. क्लब क्रिकेट, कांगा लीग, कंपनीच्या संघातून सामने, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. पण मुंबईच्या रणजी संघाचे दार काही उघडेना. 2013 मध्ये राजस्थान रॉयल्सने त्यांना आयपीएलमध्ये उतरवले, तेव्हा त्यांचे वय 41 होते आणि तोवर ते प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळलेले नव्हते. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये 12 बळी घेऊन ते स्पर्धेतील सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. त्याच हंगामात मुंबईकडून रणजी सामनाही खेळले. मे 2014 मध्ये त्यांनी कोलकात्याविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. वीस वर्षे जे कुणाला दिसले नाही, ते अचानक सर्वांना दिसू लागले. गोलंदाज मात्र तोच होता.

निवडणारे का चुकतात?

निवड करणारे सगळे पक्षपाती असतात असे म्हणणे सोपे आहे. वशिला कुठे कुठे चालतो हे खरे. पण प्रामाणिक माणसेही चुकतात आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण शरीराचे. तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांत वाढीचा फार मोठा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून पोरसवदा असतो. मोठे अंग असलेला मुलगा जोरात धावतो, धक्का मारून चेंडू काढून घेतो. पाहणाऱ्याला ते कौशल्य वाटते. चार वर्षांनी दुसराही तेवढाच उंच होतो, पण तोवर त्याला घरी पाठवलेले असते.

दुसरे कारण जन्मतारखेचे. समजा एखाद्या वयोगटाची मर्यादा 1 जानेवारी आहे. मग जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात; प्रत्यक्षात पहिला जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्स्ली यांनी 1980 च्या दशकात तेथील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या कितीतरी जास्त निघाली. पुढे फुटबॉलमध्येही हेच आढळले. मोठी मुले निवडली जातात, निवडली म्हणून त्यांना चांगले प्रशिक्षण मिळते, त्यामुळे ती खरोखरच चांगली होतात. मग निवडणारा म्हणतो, ‘बघा, माझी पारख बरोबर होती.’

तिसरे कारण वेळेचे. शेकडो मुले आणि एकच दिवस. चिकाटी, शिकण्याची तयारी, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात येण्याचे बळ, या गोष्टी काही मिनिटांत दिसत नाहीत.

पवित्र शास्त्रात शमुवेल संदेष्टा बेथलेहेमला इशायच्या घरी राजा निवडायला जातो, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. थोरला अलियाब उंच आणि देखणा. शमुवेलाला वाटते, हाच तो. संदेष्ट्याचीही नजर आधी उंचीवरच गेली! आणि धाकटा दावीद? त्याला तर घरच्यांनी चाचणीलाही बोलावले नव्हते. तो मेंढरांमागे होता. परक्याच्या आधी घरचेच मुलाला यादीतून वगळतात, हेही त्या कथेत आहे.

मुलांचे वय कमी दाखवण्याचा प्रकार इथूनच जन्म घेतो. जिथे मोठ्या अंगाला बक्षीस मिळते, तिथे जन्मदाखल्यात फेरफार करण्याचा मोह होतो. क्रिकेटमध्ये हे इतके वाढले, की बीसीसीआयला लहान वयोगटातील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासावे लागते. पालकहो, खोट्या दाखल्याने आपल्या मुलाला मिळालेली जागा कुणा दुसऱ्या, खऱ्या वयाच्या मुलाच्या ताटातून उचललेली असते. शिवाय खेळाच्या पहिल्याच पायरीवर आपण मुलाला शिकवतो, की तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस.

सगळेच नकार चुकीचे नसतात

नकार देणारा नेहमी आंधळा असतो असे नाही. 1987 मध्ये सचिन तेंडुलकर वेगवान गोलंदाज होण्यासाठी मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला होता. तेथे ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली यांनी त्याला घेतले नाही. फलंदाजीकडे लक्ष दे असे सुचवले. हा नकार योग्य होता! त्याने एक दार बंद केले आणि बोट दुसऱ्या दाराकडे दाखवले. नुसते ‘नाही’ म्हणणे आणि ‘इथे नाही, तिकडे जा’ म्हणणे यांत हाच फरक आहे.

जे तारे होत नाहीत त्यांचे काय?

आता एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. केन, वार्डी, तांबे यांच्या कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. त्या खऱ्या आहेत, पण अपुऱ्या आहेत. नाकारलेल्यांपैकी जे पुढे चमकले त्यांचीच नावे आपल्याला माहीत असतात. बाकीच्या हजारोंचे नाव कुठेच छापून येत नाही. ‘तुलाही नाकारले, म्हणजे तूही मोठा होणार’ असे मुलाला सांगणे हे सांत्वन नाही. ती दुसरी परीक्षा आहे. त्यातही तो नापास झाला, तर त्याने कुठे जावे?

म्हणून अमोल मुझुमदार यांचे उदाहरण आम्हाला जवळचे वाटते. 1988 मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी यांनी 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा म्हणजे अमोल. रणजी पदार्पणातच त्यांनी 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा आणि 30 शतके केली. भारतीय संघात मात्र त्यांचे नाव कधीच लागले नाही. निवृत्त होईपर्यंत नाही. पुढे ते प्रशिक्षक झाले, 2023 मध्ये भारतीय महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करणारी जेमिमा रॉड्रिग्ज हिला 2022 च्या विश्वचषकासाठी संघात घेतले नव्हते. बाहेर राहणे म्हणजे काय, हे तिच्या प्रशिक्षकाला वेगळे शिकावे लागले नसेल.

पण विश्वचषक आला नसता, तर मुझुमदारांची ती 11 हजार धावांची वर्षे वाया गेली असे म्हणायचे का? मुळीच नाही. ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञाने वस्तूत दडलेली शक्यता आणि प्रत्यक्षात आलेली पूर्णता असा फरक केला. उसाच्या कांडीवर डोळा असतो. त्यातून ऊस उगवेल की नाही, हे जमीन, पाणी आणि हंगाम यांवर ठरते. डोळा फुटला नाही, तर दोष सगळा कांडीचाच असे आपला शेतकरी कधी म्हणत नाही. मग मुलाच्या बाबतीत आपण इतक्या घाईने तसे का म्हणतो? आणि माणूस तर उसाच्या कांडीहून मोठा आहे. त्याच्यात एकच डोळा नसतो.

आपण काय करू शकतो?

शिक्षक आणि प्रशिक्षकांना आमची विनंती आहे, की नाकारलेल्या मुलाला कारण सांगा. ‘उंची कमी’ हे कारण चौदाव्या वर्षी देऊ नका. ते त्याच्या हातात नाही. ‘डावा पाय कच्चा आहे, दम कमी पडतो’ हे सांगा, म्हणजे त्याला उद्या सकाळी काहीतरी काम मिळेल. आणि त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळा संघच ठेवला. आपल्या गावात तेवढे जमणार नाही. पण यादीत नाव नसलेल्यांनाही संध्याकाळी मैदानावर येऊ देणे नक्की जमेल.

आईवडिलांनो, मूल परत येईल त्या रात्री जेवणाच्या ताटावर हिशेब मांडू नका. प्रवासाला किती पैसे गेले, शेजारच्याचा मुलगा कसा लागला, हे बोलू नका. त्याची घरातली जागा कोणत्याही चाचणीवर अवलंबून नाही, हे त्याला त्याच रात्री कळले पाहिजे.

आणि मुलामुलींनो, यादी लावणाऱ्यांनी तुमचा एक दिवस पाहिला आहे. त्यांनी सांगितलेल्या कारणात तथ्य असेल तर ते मनापासून घ्या. खेळ आवडत असेल तर खेळत राहा, नाव लागो वा न लागो. अभ्यास सोडू नका. ते दुसरे दार आहे आणि ते आपण स्वतःहून बंद करू नये.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

1. आपल्या घरात एखाद्या मुलाला आपणच ‘हे तुला जमणार नाही’ म्हणून चाचणीआधीच वगळले आहे का?

2. नकार मिळालेल्या मुलाला या आठवड्यात आपण कोणते एक दार दाखवू शकतो?

3. खेळ, परीक्षा किंवा नोकरीत आपण स्वतः कुणाची निवड करतो, तेव्हा ‘नाही’ कसे म्हणतो?