आपला डोंगर कसा घडला?

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक पायऱ्यांवर विसावा घेताना समोरचा कडा न्याहाळतात आणि मग कार्यालयात येऊन विचारतात, "हा डोंगर पूर्वी ज्वालामुखी होता म्हणे. त्याचे तोंड कोठे आहे?" प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, भूगर्भशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. तथापि वाचून व जाणकारांना विचारून जे समजले, ते भाविकांसाठी येथे देत आहोत.

तोंड शोधून सापडणार नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर पडला व दूरवर पसरत गेला. एक थर निवावा, मध्ये काही काळ जावा, पुन्हा त्यावर दुसरा थर यावा, असे कितीतरी वेळा घडले. त्या काळ्या पाषाणाने, म्हणजेच बेसॉल्टने, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. पृथ्वीचे कवच अखंड नसून सरकत्या तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांपैकी भारताचा तुकडा तेव्हा उत्तरेकडे चालला होता आणि त्याखाली खोलवर उष्णतेचा मोठा स्रोत होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे आपली भूमी आशियास भिडून हिमालय उभा राहिला. स्रोत मात्र मागेच राहिला. मॉरिशसजवळील रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे, तो त्याच स्रोतामुळे. आपल्याकडील अग्नी केव्हाच शांत झाला आहे.

भूकंपाची गोष्ट निराळी. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या पिढीने घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आहे. त्याचा संबंध ज्वालामुखीशी नाही. भूगर्भातील जुन्या भेगा व धरणाच्या जलाशयाचे पाणी यांच्याशी तो जोडला जातो. याच अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे येथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटरवर काळा पाषाण संपला व त्याहून कितीतरी प्राचीन असा ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. सांगलीकडे पूर्वेस जावे तसा हा काळ्या पाषाणाचा थर पातळ होत जातो.

थर रचले अग्नीने, पण डोंगर कोरले ते पाण्याने. महाबळेश्वरी, 1438 मीटर उंचीच्या त्या माथ्यावर उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी सावित्री कोकणात उतरते. कृष्णेस अरबी समुद्र इतका जवळ असूनही ती त्याकडे पाठ फिरवून, वाटेत माहुलीस वेण्णेला व कऱ्हाडास कोयनेला भेटत, थेट बंगालच्या उपसागरास जाते. आपली शंभूमहादेवाची रांग म्हणजे कृष्णा व भीमा या दोन खोऱ्यांमधील बांधच होय.

आता आपल्या कुंडाविषयी. समोरच्या कड्यात आडव्या रेघा दिसतात, ते थरांचे सांधे. घट्ट पाषाणातून पाणी सहसा मुरत नाही. भेगाळ व सच्छिद्र थरांतून ते खाली उतरते आणि घट्ट थर किंवा दोन थरांमधील तांबडी माती लागली की आडवे वाहत झऱ्याच्या रूपाने कड्यातून बाहेर येते. कुंडाचे पाणी असेच येते. पाऊस मुळातच कमी असलेल्या या भागात भर उन्हाळ्यातही कुंड आटत नसे, ते यामुळे.

"नसे" असे लिहिताना वाईट वाटते. काही वर्षांपूर्वी भक्तनिवासासाठी माथ्यावर बोअर घेतली. पहिले दोन उन्हाळे पाणी मुबलक मिळाले. तिसऱ्या वर्षी चैत्रातच झरा बारीक झाला. ज्या थरावर पाणी थांबत होते त्यालाच आपण छिद्र पाडले असावे, असे जाणकारांचे मत पडले. निर्णय आमचाच होता, तेव्हा दोष दुसऱ्या कोणास देता येत नाही. ती बोअर आता बंद केली आहे. झरा पूर्ववत झालेला नाही, परंतु ज्येष्ठापर्यंत पाणी टिकते.

नवीन बोअरसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या भाविकांना कार्यालयातर्फे नम्र विनंती, की ती रक्कम कुंडातील गाळ काढणे व माथ्यावरील चर खोदणे या कामी द्यावी. पावतीवर तसा उल्लेख करून मिळेल.