मुलाखतीची तयारी घरातच सुरू होते



आजचा पाठ घरातल्या तरुण मुलामुलींसाठी आहे आणि तितकाच त्यांच्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठीही आहे. निकालाचे दिवस आले की "मुलाखतीचं पत्र आलंय, आशीर्वाद असू द्या" असे निरोप येतात. आशीर्वाद तर आहेतच. पण त्यासोबत तयारी हवी, आणि तिचा मोठा भाग घरच्यांच्या मदतीनेच होतो.

*आत्मविश्वास येतो कुठून?*

"घाबरू नकोस, आत्मविश्वास ठेव" असं सगळेच सांगतात. तो आणायचा कुठून, हे कोणी सांगत नाही. जे उत्तर आपण आधी आठ-दहा वेळा मोठ्याने बोललेलो असतो, ते देताना जीभ अडखळत नाही. नुसतं डोळ्यांनी वाचलेलं उत्तर ऐनवेळी घशात अडकतं. विषय येत असूनही मुलं मागे पडतात ती बहुतेक इथेच. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : *तयारी तोंडाने करायची.*

*उदाहरण घेऊ : बँक अधिकाऱ्याची मुलाखत*

आपल्याकडची बरीच मुलं आयबीपीएसची पीओ परीक्षा देतात. त्यात मुलाखत १०० गुणांची असते. अंतिम यादीत मुख्य लेखी परीक्षेला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन असतं. शिवाय मुलाखतीत किमान ४० टक्के (राखीव गटांना ३५ टक्के) मिळवावेच लागतात. म्हणजे पत्र आलं तेव्हाच मोठा डोंगर चढून झालेला असतो. समोरचे लोक आपल्याला पाडायला बसलेले नसतात. हा मुलगा किंवा ही मुलगी काउंटरपलीकडच्या माणसाशी नीट बोलेल का, जबाबदारी घेईल का, हे त्यांना बघायचं असतं.

प्रश्न साधारण चार प्रकारचे येतात.

*१) स्वतःबद्दल.* "इंजिनिअरिंग केलंत, मग बँकेत का?" हा प्रश्न येणारच असं धरून चला. "सुरक्षित नोकरी आहे म्हणून" एवढ्यावर थांबू नका. कोणतं काम आवडतं, ते आधी कुठे केलं, ते सांगा. "मी जबाबदार आहे" असं म्हणण्यापेक्षा एक प्रसंग सांगा : काय काम होतं, अडचण काय आली, मी काय केलं, शेवटी काय झालं. उत्सवात तीन दिवस पंगतीच्या सामानाचा हिशेब सांभाळला असेल, रोजची पावती वही जुळवली असेल, तर ते उत्तम उदाहरण आहे. सेवा म्हणून केलेलं काम सांगायला संकोच नको. फक्त चार वाक्यांत सांगा.

*२) गावाबद्दल.* इथे आपली मुलं हमखास गडबडतात. बडोद्याच्या मुलाला हे माहीत हवं की बँक ऑफ बडोदाची स्थापना महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी २० जुलै १९०८ रोजी केली. इंदूरच्या मुलीला हे माहीत हवं की स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि हैदराबादच्या मुलाला हे की तिथली स्टेट बँक २०१७ मध्ये विलीन झाली. बेळगावात १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. यातलं बरंच आजोबांना विचारलं तरी कळेल.

*३) कामाबद्दल.* एनपीए म्हणजे काय? कर्जाचं व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरतं. बँक बुडाली तर ठेवीला संरक्षण किती? एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा. १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण कधी झालं? १९ जुलै १९६९. हे पाठ करून भागत नाही. *आजीला समजेल असं मराठीत सांगून बघा.* आजीने "मग माझ्या ठेवीचं काय रे?" असं विचारलं आणि उत्तर देता आलं, तर विषय समजला. मग तेच हिंदीत किंवा इंग्रजीत बोला. आपल्या घरी मराठी, बाहेर हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू असते आणि मुलाखतीत भलतीच भाषा लागते. म्हणून हा सराव आपल्याला जास्तच गरजेचा आहे.

*४) अडचणीचे प्रश्न.* "हे एक वर्ष रिकामं का?" खरं तेच सांगा, रडगाणं नको. "पहिल्या प्रयत्नात निवड झाली नाही. गणितात कमी पडत होतो, वर्षभर त्यावर मेहनत घेतली." एवढं पुरे. उत्तर येत नसेल तर "माफ करा, मला माहीत नाही" म्हणायचं. अंदाजाने ठोकून दिलं की पुढचा प्रश्न त्यावरच येतो आणि माणूस आणखी खोल जातो.

*पालकांनो, हे आधी ठरवा*

पीओची बदली देशात कुठेही होऊ शकते. "दूर पाठवलं तर जाल का?" असं विचारतातच. मुलगी तिथे "हो" म्हणते आणि घरी मात्र "इतक्या लांब एकटी कशी राहील?" अशी चर्चा चालू असते. ती ओढाताण तिच्या आवाजात उतरते. ज्या प्रश्नाचं उत्तर घरानेच अजून दिलेलं नाही, ते ती ठामपणे कशी देणार? म्हणून मुलाखतीआधी एक संध्याकाळ सगळ्यांनी बसून बोला. पाठवायचं असेल तर मनापासून पाठवा. नसेल तर तेही आत्ताच स्पष्ट सांगा, आयत्या वेळी नको.

"आता सगळं तुझ्यावरच आहे" हे वाक्यही टाळा. ते त्याला माहीत असतं.

*आठवड्याचा अभ्यास*

▪️ पहिले दोन दिवस : अर्जात आणि बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर घरच्यांनी एकेक प्रश्न विचारायचा.
▪️ पुढचे तीन दिवस : रोज २० मिनिटं खुर्चीत समोरासमोर बसून सराव. काका-मामांपैकी कोणी फोनवरून प्रश्न विचारले तरी चालेल. मध्ये हसायचं नाही, चुका शेवटी सांगायच्या.
▪️ सहाव्या दिवशी : पत्र, ओळखपत्र, मूळ प्रमाणपत्रं आणि झेरॉक्स एका फाईलमध्ये. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे ना, ते तपासा. जायचा रस्ता आणि लागणारा वेळ बघून ठेवा.
▪️ सातव्या दिवशी : नवीन काही वाचायचं नाही. जेवण हलकं, झोप वेळेवर.

निघताना देवाला आणि मोठ्यांना नमस्कार करून शांतपणे निघावं. परत आल्यावर "कसं झालं?" म्हणून भंडावून सोडू नका. आधी चहा द्या. संध्याकाळी त्याने विचारलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवावेत. निवड झाली तर ती वही धाकट्या भावंडांच्या कामी येईल, आणि नाही झाली तर पुढच्या वेळी त्याच्याच.

ज्यांच्या घरी येत्या महिन्यात कोणाची मुलाखत असेल, त्यांनी हा पाठ आज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून वाचावा आणि पहिला प्रश्न आजच विचारावा : "बेटा, तुझ्याबद्दल थोडं सांग."

🙏 शुभं भवतु.