बिग हाउसच्या गावात नवे आलात? आधी कागद जमवा, जर्सी मागाहून

ॲन आर्बरमध्ये ऑगस्टअखेर उतरलेल्या माणसाला लवकरच एक गोष्ट कळते: घरच्या सामन्याच्या शनिवारी विनाकारण गाडी काढायची नाही. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची, म्हणजे ‘बिग हाउस’ची, क्षमता 1,07,601. ते 1927 साली उघडलं, आणि 1975च्या नोव्हेंबरपासून, कोविडचं 2020 साल सोडलं, तर तिथे लाखाच्या खाली गर्दी झालेली नाही. आसपासचे घरमालक अंगणातल्या हिरवळीवर गाड्या लावू देऊन पैसे घेतात, आणि सगळं गाव मक्याच्या पिवळ्या आणि गडद निळ्या रंगात न्हालेलं असतं. कॉलेजच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडणं आपल्याला पुरुषोत्तम करंडकामुळे माहीत आहे. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ झालं की अंगावर काटा येतो, तसंच हे. फक्त इथे सत्तरीतल्या आजोबांचंही ते वेड उतरलेलं नसतं.

तुम्हीही त्यात ओढले जाणार. मग पहिल्या पगारात किंवा पहिल्या स्टायपेंडमध्ये शंभराच्या वर डॉलर मोजून जर्सी घेतली जाते, ती दोनदा घातली जाते आणि थंडी पडली की कोटाखाली गडप होते. नोव्हाय, कॅन्टन, ट्रॉय आणि खुद्द ॲन आर्बरमधल्या जुन्या मराठी घरांना आम्ही विचारलं, की संघाच्या आठवणी जमवायच्या तर नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी. बहुतेकांचं उत्तर एकच होतं: कागदापासून. कारण साधं आहे. जर्सी कारखान्यात हव्या तितक्या निघतात. एखाद्या शनिवारचा कागद त्या शनिवारीच निघतो, आणि निम्मे लोक तो तिथेच टाकून जातात.

कोणता कागद?

सर्वांत आधी प्रोग्राम, म्हणजे सामन्याची पुस्तिका. खेळाडूंची यादी, प्रशिक्षकांचे फोटो, गावातल्या बँकांच्या आणि पिझ्झावाल्यांच्या जाहिराती असं सगळं तिच्यात असतं. वीस-तीस वर्षांनी जाहिरातीच जास्त वाचल्या जातात, हे कॅन्टनच्या एका काकांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. दुसरा कागद म्हणजे ‘मिशिगन डेली’, विद्यार्थी चालवतात ते वर्तमानपत्र. ते 1890 पासून निघतं आणि फुकट मिळतं. मोठ्या विजयानंतरचा छापील अंक मिळाला तर दोन प्रती उचला, एक वाचायला, एक ठेवायला. तिसरा कागद खिशात मावणारं वेळापत्रक किंवा दुकानांतून मिळणारं हंगामाचं पोस्टर. याला कोणी किंमत देत नाही, म्हणूनच ते जपणारे थोडे असतात.

तिकिटाची गोष्ट वेगळी. आमच्यापैकी जुन्यांच्या बरणीत, डब्यात, चेकबुकच्या कव्हरात तिकिटांची अर्धुकं आहेत. आता तिकीट मोबाइलवर येतं आणि सामना संपला की त्याचं काही उरत नाही. मोबाइलच्या पडद्याचा फोटो छापून चिकटवण्यात काही राम नाही. त्यापेक्षा त्या दिवशीच्या प्रोग्रामच्या आतल्या पानावर पेन्सिलीने तारीख, सेक्शन, रांग आणि सोबत कोण होतं ते लिहा. पेनने नको. शाई पाठीमागच्या पानावर उतरते.

जुने कागद हवे असतील तर मे ते सप्टेंबर शनिवार-रविवारचे गराज सेल आणि इस्टेट सेल पालथे घाला. ॲन आर्बरमध्ये किवानिसचा थ्रिफ्ट सेल वर्षानुवर्षं चालू आहे. घर थाटणारे नवे लोक तिथे भांड्यांसाठी जातात, त्यांनी पुस्तकांच्या टेबलाकडेही वळावं. विद्यापीठाचाही जुनं सामान विकणारा विभाग आहे. तिथे मुख्यतः टेबलं, खुर्च्या आणि संगणक असतात, पण तुम्हाला तेही लागणारच आहे. गराज सेलला भाव करायला लाजू नका, मात्र मंडईतल्यासारखी निम्म्यापासून सुरुवात करू नका. चार वस्तू एकत्र धरा आणि सगळ्यांचे मिळून किती, एवढंच विचारा. आणि मालक आजोबा बोलायला लागले, तर ऐका. त्यांनी तो सामना कुठे बसून पाहिला, हे त्या वस्तूसोबत फुकट मिळतं. घरी आल्यावर ते लिहून ठेवा.

अशाच एका सेलमधून ट्रॉयच्या एका कुटुंबाकडे सत्तरच्या दशकातला प्रोग्राम आला आहे. मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, मधोमध कॉफीच्या कपाचं तपकिरी वर्तुळ. मधल्या दोन पिनांना गंज चढलाय आणि त्याचे डाग चार पानं खोल उतरलेत. यादीच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने प्रत्येक क्वार्टरचे गुण लिहिलेत, तिसऱ्या क्वार्टरपुढे तीन उद्गारचिन्हं. व्यापारी याला खराब प्रत म्हणेल. आम्हाला विचाराल तर कोऱ्या प्रतीच्या दुप्पट द्यायला हरकत नाही.

वस्तूला मोल कशाने येतं

याचं उत्तर मिशिगनच्याच एका मडक्यात आहे. 1903 साली संघ मिनेसोटाला खेळायला गेला. तिथलं पाणी कसं असेल याची खात्री नाही म्हणून प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांनी संघाच्या व्यवस्थापकाला पाण्यासाठी भांडं आणायला पाठवलं, आणि त्याने 30 सेंटला एक जग विकत आणला. सामना 6-6 असा बरोबरीत सुटला, गर्दी मैदानात घुसली, आणि जग मागेच राहिला. यजमानांनी तो परत दिला नाही. जिंकून न्या, म्हणाले. आज ‘लिटल ब्राउन जग’ ही या दोन संघांमधली ट्रॉफी आहे आणि त्यावर वर्षावर्षाचे निकाल रंगवलेले असतात.

दुसरं उदाहरण कमी गोड आहे. 1992 आणि 1993 साली बास्केटबॉलमध्ये मिशिगनची ‘फॅब फाइव्ह’ नावाने गाजलेली पोरं सलग दोनदा अंतिम फेरीपर्यंत पोचली. पुढे काही खेळाडूंना एका पाठीराख्याने नियमाबाहेर पैसे दिल्याचं प्रकरण उघड झालं आणि 2002 साली विद्यापीठाने छताला टांगलेले त्या यशाचे फलक उतरवले. ते जाळले मात्र नाहीत. विद्यापीठाच्या बेंटली ग्रंथालयात ठेवलेत. अधिकृत नोंदींतून ज्या गोष्टी वगळल्या गेल्या, त्यांचे साधे प्रोग्राम आणि पोस्टरं लोकांच्या घरात मात्र जागच्या जागी आहेत. हारलेल्या आणि लाजिरवाण्या सामन्यांचे कागदही म्हणूनच टाकू नयेत. 2007 साली ॲपलाचियन स्टेटने 34-32 असं याच मैदानात नाक कापलं, त्या दिवसाचा प्रोग्राम जपणारे कट्टर मिशिगनवालेही आहेत.

जर्सी घेताना

घ्यायचीच, तर वय ओळखायला शिका. 2016च्या ऑगस्टपासून मिशिगनचे कपडे नायकीचे आहेत आणि फुटबॉलच्या जर्सीवर जॉर्डनचं उडी मारणाऱ्या माणसाचं चिन्ह आहे. त्याआधी काही वर्षं आदिदास होतं. तेव्हा कोणी 1997च्या विजेत्या हंगामातली म्हणून जर्सी दाखवली आणि छातीवर तो उडी मारणारा माणूस दिसला, तर ती मागाहून काढलेली आहे. घालायला चांगली, पण त्या काळची नव्हे.

दुसरी खूण पाठीवर असते. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येत नसत, त्यामुळे दुकानातल्या जर्सीवर नुसता क्रमांक असे. नाव शिवलेलं जुनं पीस मिळालं, तर ते मैदानात खरोखर वापरलेलं असेल किंवा कोणी नंतर हौसेने शिवून घेतलेलं. बहुतेक वेळा दुसरंच.

हा नियम 1 जुलै 2021 रोजी बदलला. तोवर तो किती कडक होता हे शेजारच्या ओहायो स्टेटवरून कळतं. त्यांच्यात मिशिगनला हरवलं की खेळाडूला सोन्याची इवलीशी पँट मिळते. 2010 साली उघड झालं की काही खेळाडूंनी अशा पँट, अंगठ्या आणि इतर वस्तू टॅटूवाल्याला विकल्या होत्या. पाच जणांवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली आणि पुढच्या मे महिन्यात प्रशिक्षकांना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी जॉर्जियाच्या एका खेळाडूने सामन्यातली जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं गेलं. म्हणून 2021 आधीच्या वस्तूबद्दल ‘शिकत असतानाच त्याने स्वतः मला विकली’ असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर एक तर विकणारा थापा मारतोय किंवा तेव्हा नियम मोडला गेला होता. दोन्ही प्रसंगी पाकीट बंद ठेवावं.

व्हिडिओ गेमसुद्धा याच गुंत्यात अडकला. खेळाडूंच्या प्रतिमा वापरण्यावरून खटले झाले आणि ‘एनसीएए फुटबॉल 14’नंतर ती मालिका बंद पडली. त्या शेवटच्या डबीवर मिशिगनचा डेनर्ड रॉबिन्सन आहे. 2024 साली मालिका परत आली, तेव्हाही मुखपृष्ठावर मिशिगनचा डोनोव्हन एडवर्ड्स दोन सोबत्यांसह होता. घरात कॉलेजात जाणारं पोरगं असेल तर या दोन डब्या शेजारी ठेवून द्या. मधली सगळी कोर्टकचेरी त्यात आली.

सह्या

सहीच्या बाबतीत आमच्या सगळ्या घरांचा सूर सावध आहे. तुमच्या डोळ्यांसमोर झाली, ती खरी. बाकीच्यांसाठी पीएसए, जेएसए, बेकेट अशा तपासणाऱ्या कंपन्यांचा क्रमांक असलेलं स्टिकर असतं. तो क्रमांक त्यांच्याच साइटवर टाकून बघा, विकणाऱ्याच्या हातातला छापील दाखला धरून चालू नका. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांचा बाजार उघडा पाडला, त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूसुद्धा सापडले. दाखले त्यांच्याजवळही होते!

इथे जेराल्ड फोर्ड यांच्या सह्या पुष्कळ फिरतात. हे राष्ट्राध्यक्ष मिशिगनकडून सेंटर म्हणून खेळले. 1932 आणि 1933च्या विजेत्या संघांत ते होते आणि त्यांचा 48 क्रमांक आता कोणाला देत नाहीत. पण राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयांत सही करणारं यंत्रही असतं. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर त्या हाताने केलेल्या नव्हेत, कारण माणसाची सही दर वेळी थोडी तरी हलते. फोर्ड यांच्याबद्दल उत्सुकता असेल तर त्यांचं ग्रंथालय विद्यापीठाच्या आवारातच आहे. आधी तिथे जाऊन या.

ठेवायचं कसं

मिशिगनची घरं म्हणजे बेसमेंट, आणि बेसमेंट म्हणजे ओल. उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर चालू नसेल तर कागद खाली नेऊच नका. बेडरूमच्या कपाटातला वरचा कप्पा बरा. पीव्हीसीचे स्वस्त पारदर्शक फोल्डर टाळा, वर्षांनी ते चिकट होतात आणि छपाई ओढून घेतात. पॉलिएस्टरच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पिशव्या मिळतात, त्याच घ्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, पण उजेड टाळला तर सावकाश. फ्रेम खिडकीसमोर लावू नका.

आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपल्या लोकांना दहावीच्या गुणपत्रिकेपासून ही सवय आहे, त्यामुळे वेगळं सांगावं लागतं. एकदा गरम प्लास्टिकमध्ये गेलेला कागद परत निघत नाही. जर्सीच्या पेटीत डांबरगोळ्याही नकोत, तो वास सात वर्षं जात नाही. जर्सी धुऊन, पूर्ण वाळवून, छपाईवर घडी न घालता ठेवा. सही असेल तर धुऊच नका.

व्हिसा आणि पैसे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वाचा. विद्यार्थी व्हिसावर असताना, किंवा काम करण्याची परवानगी नसलेल्या एच-4वर असताना, घरातली एखादी जुनी वस्तू विकणं वेगळं आणि स्वस्तात घेऊन महागात विकण्याचा सततचा धंदा वेगळा. दुसरं काम समजलं जाऊ शकतं. ऑनलाइन दुकान उघडायच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारा. जास्तीच्या प्रती आपसांत अदलाबदल करा, ते बरं. पुढे कधी महागाची वस्तू नफ्यात विकली तर लक्षात ठेवा: वर्षाहून जास्त काळ जवळ ठेवलेल्या संग्रहवस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त. भाड्याच्या घराच्या विम्यातही अशा वस्तूंना कमाल मर्यादा असू शकते, एजंटला विचारा, आणि प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवा.

राहता राहिले रंग. ओहायो स्टेटचा लाल, आणि शेजारच्या ईस्ट लान्सिंगमधल्या मिशिगन स्टेटचा हिरवा. नोव्हेंबरअखेरच्या ओहायोच्या सामन्याच्या शनिवारी लाल स्वेटर घालून किराणा आणायला गेलात तर कोणी मारणार नाही, पण चार लोक थांबून बोलतील. ऑफिसात टोमणे चालतात, शिव्या नाहीत. आणि मुलगी मोठी होऊन मिशिगन स्टेटला गेली, तर तुमच्या संग्रहाशेजारी तिच्या हिरव्या वस्तूंना एक कप्पा द्यावा लागेल. नोव्हायच्या एका घरात असं झालंय, तिथे दिवाणखान्यातली मांडणी वहिनींनी मधोमध फळी घालून वाटून दिली आहे.