हाताचा गुण आणि चौथा दिवस

‘त्यांच्या हाताला गुण आहे हो, डॉक्टर!’ हे वाक्य दवाखान्यात मी रोज ऐकतो. कधी माझ्याबद्दल, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाबद्दल. आपल्याकडे डॉक्टर निवडला जातो तो असा. म्हणून आज या गुणाचं गणित सांगतो.

साधा व्हायरल ताप बहुधा तीन ते पाच दिवसांत आपणहून उतरतो. पहिल्या दिवशी ज्याच्याकडे गेलात, त्याने नीट तपासलं, पॅरासिटॅमॉल दिलं आणि ‘दोन दिवस थांबू’ म्हणाला. ताप हटेना म्हणून चौथ्या दिवशी तुम्ही दुसऱ्याकडे गेलात. त्याने सलाईन लावलं, पाचव्या दिवशी ताप गायब! गुण कुणाच्या हाताला? अर्थातच दुसऱ्याच्या. मी दोन्ही खुर्च्यांवर बसलोय. चौथ्या दिवशीचा डॉक्टर होण्यात सुख जास्त, हे कबूल करतो.

डेंग्यूत मात्र हेच गणित जिवावर बेततं. तिथे ताप उतरतो आणि पुढचे एक-दोन दिवसच खरे धोक्याचे असतात. पोट दुखतं, उलट्या थांबत नाहीत, रक्तदाब घसरतो. ‘ताप गेला तरी उद्या दाखवून जा, आणि पोटात दुखलं किंवा लघवी कमी झाली तर रात्रीसुद्धा या,’ असं बजावणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

तासाभरात येणाऱ्या गुणाला तर मी घाबरतोच. मागे एक आजी आल्या होत्या. आठवडी बाजाराच्या गावी कुणीतरी दर पंधरा दिवसांनी सुई द्यायचा आणि त्यांचे गुडघे हलके व्हायचे. चेहरा गोल गरगरीत झालेला, मनगटावरची कातडी कागदासारखी पातळ, जरा कुठे आपटलं की निळा डाग. साखर तीनशेच्या पुढे. सगळं चित्र स्टिरॉइडचं. सुई कशाची होती, विचारलं. ‘चिठ्ठी कुठं देत्यात ते?’ आजी म्हणाल्या. असं औषध फार दिवस घेतल्यावर एकदम बंदही करता येत नाही, आणि किती दिलं हेच कळेना. त्यांना मार्गावर आणायला कित्येक महिने गेले.

तेव्हा आधी चिठ्ठी मागा. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापावा असा 2002 पासून नियम आहे. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. क्रमांक कौन्सिलच्या वेबसाइटवर पडताळता येतो. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही बघा. पाटीवर नुसतं ‘एमडी’ असेल तर कशातलं ते विचारा. आयुर्वेदातही एमडी असते, होमिओपॅथीतही. विचारण्यात अपमान नाही. नावापुढच्या इंग्रजी अक्षरांच्या आगगाडीला दबू नका, त्यातले काही डबे चार दिवसांच्या कोर्सचे असतात.

मोबाइलवरचे तारे? पार्किंग आहे का, रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलते का, एवढं त्यावरून कळतं. निदानाबद्दल फारसं नाही.

नोंदणी ही पहिली पायरी. पुढचं तुम्हालाच खोलीत बसून बघायचं आहे. पोट दुखतं म्हटल्यावर पोटाला हात लावला का? आधीची औषधं, अ‍ॅलर्जी विचारली का? तपासणी लिहून दिली तर ‘यातून काय कळेल?’ असं विचारून बघा. अमुकच लॅब हवी म्हणत असतील तर कारणही विचारा. कधी ते खरंच असतं, कधी ते कट प्रॅक्टिसचं, म्हणजे कमिशनचं असतं, आणि उत्तराच्या सुरावरून बरंच कळतं. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, तमक्यांना दाखवा’ असं म्हणणाऱ्याचं मोल मला जास्त वाटतं. आणि इंजेक्शनचा हट्ट तुम्हीच धरणार असाल, तर नाही म्हणणारा डॉक्टर तुम्हाला कधी आवडणारच नाही.

ऑपरेशन तातडीचं नसेल तर दुसरं मत घ्याच. हॉस्पिटलमधल्या कागदांच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत मिळायला हव्यात, तो तुमचा हक्क आहे. छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, तर मात्र शोधाशोध नको, जवळचं, सोयी असलेलं हॉस्पिटल गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेवढ्यासाठी तरी घराजवळ रात्री काय उघडं असतं, तिथे सीटी स्कॅन आहे का, हे आजच विचारून ठेवा.

आणि घरातल्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. एका फायलीत लावा आणि ज्याच्याकडे जाल त्याच्यासमोर ती ठेवा. माझ्याकडे आलात तरी.