नोकरीच्या अर्जांची ऑनलाइन नोंद : नाव नव्हे, क्रमांक

शिक्षक, ग्रंथपाल किंवा लिपिक नेमताना आलेले अर्ज आवक नोंदवहीत चढवण्याची आपल्या संस्थांची जुनी रीत आहे. तिथे प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि दिनांक मिळे. आता अनेक संस्था गूगल फॉर्म्सवर अर्ज मागवतात. उत्तरे गूगल शीट्सच्या तक्त्यात आपोआप जमा होतात, प्रत्येक नोंदीपुढे दिनांक-वेळ उमटते; पण आवक क्रमांक कोणी देत नाही. मग अर्ज शोधायचा तो नावावरून, आणि तिथेच घोटाळा होतो.

नावाने अर्ज का सापडत नाही?

पहिले कारण लिपीचे. रोमन लिपीत 'ळ' नाही, त्यामुळे काळे आणि काले यांचे लेखन एकच होते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदी कागदपत्रांतही 'काळे'चे 'काले' झालेले आढळते. अर्जात एक आणि प्रमाणपत्रावर दुसरे, असे झाले की छाननी करणारा गोंधळतो.

दुसरे कारण क्रमाचे. बडोद्याकडे आडनाव आधी लिहिण्याची पद्धत रूढ आहे, तर हैदराबादकडे नावाआधी आद्याक्षरे येतात. 'पूर्ण नाव' एवढेच विचारले तर प्रत्येक जण आपापल्या सवयीने लिहितो.

तिसरे कारण डोळ्यांना दिसतच नाही. 'गोऱ्हे' या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो : एकदा नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून, एकदा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत. एका प्रकाराने शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला, तर तो रोमन अक्षरांची अर्थहीन रांग होऊन बसतो.

फॉर्म आणि तक्ता

१. 'प्रमाणपत्रावर आहे तसे नाव' आणि 'देवनागरीत नाव' असे दोन वेगळे प्रश्न ठेवावेत.

२. जन्मतारखेसाठी तारखेचाच प्रश्नप्रकार निवडावा. हाताने लिहिलेले ०५/०४ हे पाच एप्रिल की चार मे, हा वाद उरत नाही.

३. मूळ उत्तरांच्या पानाला हात लावू नये. दुसऱ्या पानावर अर्ज क्रमांक, नाव, मोबाइल, सद्यःस्थिती, शेवटच्या पत्रव्यवहाराचा दिनांक आणि शेरा असे रकाने करावेत. ओळीचा क्रमांक म्हणजे अर्ज क्रमांक नव्हे. क्रमवारी बदलली की ओळ बदलते.

४. सद्यःस्थितीसाठी ठरावीक शब्दांची यादी द्यावी : प्राप्त, अपूर्ण, छाननीत, मुलाखतीस पात्र, प्रतीक्षा यादी, निवड, निवड नाही. एकाने 'आला' आणि दुसऱ्याने 'मिळाला' लिहिले तर मोजणी चुकते.

५. हाती आलेला कागदी अर्जही याच मालिकेत क्रमांक देऊन नोंदवावा. फाइल जोडण्याच्या प्रश्नासाठी अर्जदाराला गूगल खाते लागते. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्यासाठी कागदाची वाट उघडी असावी.

अर्जदाराशी व्यवहार

पोचपावती अर्ज क्रमांकासह जावी. म्हणजे चौकशी करताना उमेदवार आपले नाव चार तऱ्हेने सांगत बसणार नाही. अपूर्ण अर्जात काय कमी आहे आणि ते कधीपर्यंत द्यायचे, हे स्पष्ट कळवावे. निवड न झालेल्यांनाही दोन ओळी जाव्यात.

तक्त्यात लोकांचे फोन, पत्ते आणि गुण असतात. दुवा असणाऱ्या कोणालाही तो उघडता येईल अशी मांडणी नसावी. निवड समितीपुरताच प्रवेश द्यावा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे : माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरावी.

तक्ता कितीही आधुनिक असो, नावाच्या लेखनभेदामुळे लायक उमेदवाराचा अर्ज बाजूला पडत असेल, तर जुनी नोंदवही त्याहून न्याय्य होती.

स्वाध्याय

आपल्या वर्गातील दहा आडनावे देवनागरीत व रोमनमध्ये लिहा. रोमनवरून पुन्हा देवनागरी करताना किती आडनावे बदलतात, ते पाहा आणि अर्धा र, ळ व अनुस्वार असलेली आडनावे वेगळी काढा.