माटवी आणि तुझं गाणं

वैभववाडी

चि. बाबूस,


तुझं गाणं ऐकलं, चाल मनात बसली. त्यातली, गणेशचतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या भावाची वाट बघणारी बहीण आपल्या तालुक्यात घरोघरी भेटते. पण व्हिडिओसाठी तू जी यादी पाठवलीस ती वाचून काळजी वाटली. नापण्याचा धबधबा, करूळ घाटातलं धुकं, ड्रोन आणि पावसात गिरक्या घेणारी मुलगी. एवढं सगळं आलं की तुझ्या गाण्यातली बहीण त्यात दिसणार कुठे?

नापणे सुंदर आहे, आपलं आहे, मलाही त्याचा अभिमान आहे. पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातल्या बाईला धबधब्यावर जायला सवड असते का रे? लकी अलींचं ‘ओ सनम’ १९९६ साली आलं. त्याचं चित्रीकरण थेट इजिप्तमध्ये, पिरॅमिडच्या देशात झालं आणि ते शोभलं, कारण त्या आवाजातच भटकणारा माणूस आहे. तुझी नायिका घर सोडून हलत नाही. तिला घाटात नेऊन उभी केलीस की गाणं खोटं पडेल.

शिनेड ओ’कॉनर या आयरिश गायिकेचा १९९० चा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’चा व्हिडिओ एकदा शांतपणे बघ. त्यात पॅरिसजवळच्या बागेतली दृश्यंही आहेत, पण लक्षात राहतो तो पडदाभर तिचा चेहरा आणि गाता गाता गालावर उतरलेलं पाणी. आणि लांब कशाला जायचं, जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये गावोगावी वाजलं. बायकांनी आपापल्या कपाटातली साडी काढून त्यावर रील केले. एक रंग, एक वस्तू, आणि तीही प्रत्येकीच्या घरात असलेली. त्या गाण्याचा मूड तुझ्याहून अगदी वेगळा, खेळकर. पण बघणाऱ्याला त्यात आपलं घर सापडलं, हे तू त्यातून घे.

मग तुझ्या गाण्यात काय दाखवायचं? मला विचारशील तर माटवी, गणपतीच्या वर टांगतो ती फळापानांची चौकट. ती बांधायला दोन माणसं लागतात, हे तू लहानपणापासून बघतोयस. एकाने स्टुलावर चढायचं, दुसऱ्याने स्टूल धरून खालून सामान द्यायचं. ती बहीण एकटीच बांधते आहे असं दाखव. आंब्याचे टाळे, रानातली कवंडळं, तवसं हे बांधून होतं. नारळ मात्र जड. एका हाताने तो वर धरायचा तर सुंभाची गाठ मारायला दुसरा हात पुरत नाही. ती सुंभाचं टोक दातात धरते, स्टूल हलतं, ती खाली उतरते, पुन्हा चढते. अंतऱ्याभर एवढंच चालू दे. दाराकडे बघून उसासे टाकायला लावू नकोस, ते शब्दांत आलंच आहे. शेवटच्या कडव्यात खालून एक हात नारळ वर देतो. भावाचा चेहरा दाखवू नकोस, गाडी नको, स्टेशनही नको. शिवाय फलाटावर शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी काढत बसावं लागेल.

दिवा लावून उजेड पाडू नका. भरल्या आभाळाचा उजेड दारातून आत येतो, तो मऊ असतो. चेहऱ्याला आणि हातांना पुरेल. कॅमेरा तिच्या कमरेच्या उंचीवर ठेवलात तर स्टूलही दिसेल. आणि मुंबईहून मॉडेल आणू नकोस. जिने खरोखर माटवी बांधली आहे अशी मुलगी बघ. सुंभाची गाठ नवख्या हातांना जमत नाही, आणि कोकणातल्या माणसाला ते पहिल्या झटक्यात कळतं. तिला तिच्या दिवसाचे पैसे ठरवून दे, ओळखीतली म्हणून फुकट राबवू नकोस. ड्रोनचे वाचतील त्यातून ते सहज निघतील.

शूटिंगच्या चार दिवस आधी इकडे ये. कवंडळं रानातून आणावी लागतील, ती मी बघतो. सुंभ मात्र तू खऱ्या काथ्याचाच आण, प्लास्टिकची दोरी माझ्या घरात माटवीला चालणार नाही. मामी म्हणते, जेवायला किती माणसं ते आधी कळव.

तुझा,
मामा